एल्पेनॉरला पुरायचं आहे

३ मार्च
हे जाऊन वर्ष होत आलं. रविवारी लेक कॉम्प्युटर न्यायला येणार, नातीच्या शाळेसाठी. त्याआधी ह्यांचा अर्धवट राहिलेला गेम मी पुरा करणार. ग्रीक कथेतला आहे. त्यात एल्पेनॉर नावाचा खलाशी दारू पिऊन गच्चीवर झोपला, पडला, मेला. सोबती त्याला न पुरताच निघून गेले. आता त्याचं भूत नदीकाठी उभं राहून म्हणतं, मला पूर, वर माझं वल्हं रोव. एवढंच काम. उद्या उरकते.

४ मार्च, सकाळी
गेममध्ये ह्यांनी स्वतःचं नाव 'बंडू' टाकलंय. सासूबाई ह्यांना याच नावाने हाक मारायच्या. जवळ गेलं की एल्पेनॉर म्हणतो, आलास बंडू? मला वाटलं विसरलास. ह्यांना बंडू म्हणणारं दुसरं कोणी उरलं नाही. मला त्याचं काही नाही. सारखी जवळ गेले ती सरावासाठी.

५ मार्च
वल्हं सापडत नाही. गेममधल्या पिशवीत पाहायचं राहिलंय, पण तिथे कुठून असणार? लायब्ररीतून ग्रीक कथांचं पुस्तक आणलं. बिचाऱ्याला त्यात जेमतेम पानभर जागा. अशा माणसाला घाईघाईत पुरणं बरं नव्हे.

७ मार्च
शेजारीण डोकावली. म्हणाली, अगं, या वयात गेम? म्हटलं, आवराआवर चाललीय. म्हणाली, कसली आवराआवर, सकाळपासून एकाच भुतापुढे बसलीयस! बाईला नसत्या चौकशा. दाराला कडी लावली. माऊसचा हात दुखतोय, आजचं काम रद्द. उद्या लेक यायच्या आत नक्की.

८ मार्च, रविवार
लेक लवकर आली. म्हटलं, वल्हंच मिळत नाही गं. तिने पिशवी उघडली. म्हणाली, आई, हे काय, वरच तर आहे! म्हटलं, असेल बाई. पुरू ना, म्हणाली. म्हटलं, आधी चहा घे. चहा झाला. म्हटलं, अजून अर्धा कप घे. तिने कप बाजूला सारला, माझा हात माऊसवर ठेवला, त्यावर आपला.

माती पडली. वल्हं उभं राहिलं. एल्पेनॉर म्हणाला, बंडू, आता तूही घरी जा. कोणीतरी वाट बघत असेल. मग तो नदीत उतरला आणि दिसेनासा झाला.

लेकीने नाक पुसत विचारलं, शेवटचं वाचलंस, आई?

म्हटलं, नाही गं. चष्मा नव्हता.