आपुलकीची तपासणी

काचेपलीकडचे साहेब,

आमचं लग्न खोटं, असा निकाल तुम्ही पाणीसुद्धा न विचारता देऊन टाकलात.

मला जवळ राहायची परवानगी मिळावी म्हणून नवऱ्याने अर्ज केला होता. हे तुमच्या देशात लिफ्ट दुरुस्त करतात, मी त्यांच्यामागून सहा वर्षांनी आले. तुम्ही विचारलंत, "नवऱ्याचं काय आवडतं?" परक्यासमोर नवऱ्याचं कौतुक करायची आमच्यात पद्धत नाही. म्हणून म्हटलं, "आवडायचंय काय त्यात? चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात. ताप अंगावर काढतात. घोरतात असे, की शेजारी भिंत ठोकतात." दुभाषी बाईंनी शब्दन् शब्द पोचवला. हे बाजूला बसून खुशीत हसत होते, आणि तुम्ही शेरा मारलात, 'पतीविषयी आपुलकी आढळली नाही.'

अहो शहाणे, भाड्याने आणलेली बायको गोड गोडच बोलली असती. एवढ्या तक्रारी करायला त्या माणसाशी संसार करावा लागतो. इतकं कळत नाही, आणि निघालात माणसं पारखायला!

सोमवारी फेरमुलाखत आहे. वकील म्हणतो, "हात धरा, प्रेमाचं बोला." तेव्हापासून आमचे हे ओट्याशी उभे राहून तुमच्या भाषेत 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' घोकतात, कान लाल होईपर्यंत. काल मी म्हटलं, "पुरे, दूध उतू जातंय." हे थांबले नाहीत. गॅस बंद करायला मीही हलले नाही.

हे पत्र मी धाडायची नाही, आणि सोमवारीही यातलं काही तुम्हाला सांगायची नाही. तुमची तेवढी लायकी नाही.

तुम्ही माना, न माना,
अर्जदाराची बायको