माल दाखव

॥ ॐ नमः शिवाय ॥

वडवणी, ५ जुलै २००२

ति. मल्लिनाथदादास,
शिवगंगाचा सा. न. वि. वि.

तू नाव नोंदवून दिलंस, ते लागलं. पुण्याच्या कॉलेजने मला कॅल्क्युलसच्या ऑनलाइन वर्गात घेतलंय. या एका पेपरने माझी बी.एस्सी. अडवून ठेवली आहे, आणि जुना अभ्यासक्रम यंदा बंद होतोय. मार्चमध्ये सुटला तर सुटला, नाहीतर पदवी विसरायची. मग शाळेतली नोकरीही विसरायची आणि जन्मभर अप्पांच्या दुकानात साखर तोलायची.

काल बीडला जाऊन आले. स्टँडमागे इंटरनेटचं दुकान आहे, तिथे प्लायवूडच्या खोक्यात बसवतात. अर्धा वेळ पासवर्ड टाकण्यात गेला. धडा उघडला आणि वीज गेली. पुन्हा आली तेव्हा जेमतेम लिमिट एवढंच वाचून झालं.

अप्पांना हा व्यवहार पसंत नाही. त्यांचं म्हणणं, फी घेतली तर त्यो पुण्याचा कॉलेजवाला माल एसटीत टाकून काहून देत न्हाई, लातूरचा व्यापारी साबणाची खोकी देतोच की. तरी मी परत आल्यावर गल्ल्यावरूनच म्हणाले, काय आणलंस, माल दाखव. मी तराजूकडे बोट केलं. काटा डुलतो, डोल कमी कमी होत जातो, आपण तो थांबायच्या आधीच पारडं उचलतो; पण तो कुठे थांबला असता ते आपल्याला कळतं, ती जागा म्हणजे लिमिट. अप्पा म्हणाले, एवढ्यासाठी बीडला जायचं काय काम हुतं. पण खूश होते, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला लई वेळ काटा दाखवत बसले.

त्यांच्या पायांवर सूज दिसते. माझ्याबरोबर बीडला चला, डॉक्टरला दाखवू म्हटलं, तर दोघं गेल्यावर दुकान कोण बघणार म्हणतात. तू लिहून बघ.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी, शिवगंगा

---

औरंगाबाद, १६ जुलै २००२

चि. शिवगंगास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून पोट धरून हसलो. अप्पांचा साबण कंपनीतल्या सगळ्यांना सांगून झाला.

आता मोठ्या भावाचं थोडं ऐक. त्या खोक्यात बसून विचार करायचा नाही, तिथे घड्याळ पैसे खातं. धडे कागदावर छापून घे, घरी गिऱ्हाईक नसेल तेव्हा पेनाने सोडव आणि बीडला फक्त उत्तरं भरायला जा. अडलं की तिथल्या सरांना प्रश्न लिही. तू कॉलेजात शेवटच्या बाकावर गप्प बसायचीस म्हणूनच हा पेपर राहिला. इथे तुझं तोंड कोणाला दिसत नाही, तेव्हा खुशाल वेड्यासारखं विचार.

अप्पांना वेगळं पत्र टाकलंय. त्यात त्यांनी गूळ बांधून दिला नसेल तर बरं. दुकान एक दिवस बंद राहिलं म्हणून वडवणी उपाशी मरत नाही, हे त्यांना तूच सांग.

तुझा, मल्लिनाथदादा

---

वडवणी, २२ सप्टेंबर २००२

ति. दादास,
सा. न. वि. वि.

पहिल्या चाचणीत मला शून्य मिळालं. एकाही गणिताची रीत चुकली नव्हती, म्हणून रडूच आलं. सरांना लिहिलं तेव्हा कळलं, मी प्रत्येक पायरीला अपूर्णांक सोडून जवळचा पूर्ण आकडा धरत होते. लहानपणापासून गल्ल्यावर बसून तीच सवय लागली आहे, पाऊण पैसा दिसला की हात आपोआप पुढचा पैसा लिहितो. शेवटी उत्तर इतकं सरकतं की कॉम्प्युटर ओळख देत नाही. सरांनी लिहिलं, अपूर्णांक अपूर्णांकच ठेवा, शेवटपर्यंत. त्या दिवशी अप्पांना हाच माल दाखवला. त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, आमी तुला हेच शिकवलं की.

तुझं पत्र त्यांनी वाचलं, पण दवाखान्याचं त्यांनी ठरवलंय ते असं: आधी तुझी परीक्षा, मग माझे पाय. दर आठवड्याला मी जाते तो दिवस दुकान त्यांच्यावर, दुसरा दिवस काढायचा नाही. गल्ल्यावर आता पाय स्टुलावर ठेवून बसतात.

तू दिवाळीला ये. माझं ते ऐकत नाहीत.

तुझी, शिवगंगा

---

औरंगाबाद, १२ नोव्हेंबर २००२

चि. शिवगंगास अनेक आशीर्वाद.

दिवाळीला येणं जमलं नाही. कंपनीने निम्मी माणसं कमी केली, उरलेल्यांनी सुट्टी मागायची सोय नाही. वर्षाराणीलाही वाईट वाटलं, तिने वहिनीच्या हक्काने तुझ्यासाठी साडी घेऊन ठेवलीय.

चाचणीत निम्म्याच्या वर गेलीस हे तुझ्या मधल्या पत्रात वाचून बरं वाटलं. अप्पांचं वाचून नाही वाटलं. ऐकत नसतील तर दुकानाला कुलूप घाल आणि किल्ली घेऊन एसटीत बस, मागोमाग येतील.

तुझा, दादा

---

वडवणी, २५ फेब्रुवारी २००३

ति. दादास,
सा. न. वि. वि.

परीक्षा १८ मार्चला, बीडलाच, कागदावर. आता मला गणित येतं, दादा. हे वाक्य एकदा खोडून पुन्हा लिहिलं, पण येतं. मागच्या चाचणीत फक्त दोन चुकली.

अप्पांना आडवं झालं की दम लागतो, रात्री भिंतीला टेकून बसतात. मी पुन्हा म्हटलं, तर डॉक्टरचा वार त्यांनी ठरवूनच टाकला, परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीचा. मी फार ताणून धरलं नाही.

काल इंटिग्रेशन दाखवत होते, बारीक बारीक तुकडे जोडून आख्खं कसं होतं ते. ऐकता ऐकता गल्ल्यावरच डोळा लागला त्यांचा. समोर गिऱ्हाईक उभं होतं, मीच तेल दिलं. जाग आल्यावर म्हणाले, झोपलो न्हवतो, माल पक्का हाय.

तू लवकर ये.
शिवगंगा

---

औरंगाबाद, २ एप्रिल २००३

शिवगंगास,

समोर होतो तेव्हा बोललो नाही, कारण घर माणसांनी भरलेलं होतं. आता लिहितो.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आपण अप्पांना माती दिली आणि सकाळच्या पहिल्या एसटीने तू परीक्षेला गेलीस. लिंबागणेशची, गेवराईची माणसं भेटायला येत होती. छबुबाई आत्यांनी भरल्या घरात मला विचारलं की लेक कुठाय. आपण लिंगायत, लिंगधाऱ्याला सुतक नसतं हे मलाही ठाऊक आहे. आजी गेली तेव्हा अप्पांनी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं होतं आणि गावाने नावं ठेवली होती. पण सुतक नसलं तरी माणूस गेलेलं असतं की नाही? मी अप्पांच्या जागेकडे बघत बसलो होतो आणि तू तिकडे गणितं सोडवत होतीस.

आणि दर आठवड्याला बीडला गेलीस. एकदा त्यांना बरोबर नेलं असतंस तर काय बिघडलं असतं?

मल्लिनाथ

---

वडवणी, २० मे २००३

ति. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला.

अप्पांची तशी इच्छा होती, असं मी आत्यांना सांगितलं. तुला तसं सांगणार नाही. शेवटी ते काहीच बोलले नाहीत, शुद्धच नव्हती. माझ्या पेपरासाठी ते सुजलेले पाय घेऊन बसून राहिले, मग मी तो सोडला असता तर त्यांचं बसणं फुकट गेलं असतं, हेही खरं आहे. पण हे मला नंतर सुचलं. त्या सकाळी एवढंच होतं की मला तो पेपर हवा होता. एसटी आपल्या दुकानासमोरून गेली. फळी लावलेली होती. आजपर्यंत कामाच्या दिवशी ती तशी कधी पाहिली नव्हती. पेपर लिहिताना मी रडले नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो.

बीडला मी त्यांना नेलं नाही, नेता आलं असतं. तू कितीही वेळा विचार.

काल निकाल लागला. पास झाले, एकाहत्तर मार्कांनी. इंटरनेटवाल्याने अभिनंदन केलं, त्याला पेढा द्यायचंही सुचलं नाही. परत आले, दुकान उघडलं आणि सवयीने गल्ल्यासमोर उभी राहिले. कोणी काही विचारेना. एक बाई साखरेला आल्या. मी पारडं सोडलं आणि काटा पुरता थांबेपर्यंत बघत बसले. त्या चिडून म्हणाल्या, लई वेळ लावतीस बाई.

शाळेत अर्ज केला आहे. राग असला तरी पत्र टाक.

शिवगंगा

---

औरंगाबाद, १ जून २००३

चि. शिवगंगास अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात वरचे आशीर्वाद लिहायचे टाळले होते, आज लिहिले.

राग गेला असं म्हणत नाही. थोडा तुझ्यावर आहे. बाकीचा कोणावर आहे ते शोधतोय, आणि बहुतेक वेळा दिवाळीपाशीच येऊन थांबतो. निकाल वर्षाराणीला वाचून दाखवताना मध्येच पत्र तिच्या हातात दिलं, पुढचं तिनेच वाचलं.

येत्या अमावास्येनंतर रजा मिळतेय. आम्ही दोघं येतो. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मी गल्ल्यावर बसेन, तू समोरच्या स्टुलावर बस. पहिल्या धड्यापासून सगळं सांग. मला यातलं बरंच येतं, तरी काहीच कळत नसल्यासारखा ऐकेन.

माल दाखव.

तुझा,
दादा