बाबांच्या रक्तातली रेघ

४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

लहानपणापासून तुझ्या पायाला भिंगरी, आता बापाचं रक्तही टपालानं फिरवायला लागलीस! कंपाउंडरकडून काढून पाठवलंय. बाटलीवर ‘स्वच्छ’ असं लिहायला सांगितलं तर तो हसला. हसेना का! इतकी वर्षं रक्तदान करतोय, आजवर कधी अंथरूण धरलं नाही. तुझ्या प्रयोगाला याहून शुद्ध माल मिळायचा नाही.

ताईच्या पोटाचं ऑपरेशन अठराला ठरलं. रक्त चढवावं लागेल म्हणतात. ती भित्री भागूबाई, पण माझं रक्त जुळतं म्हटल्यावर निवांत झाली. त्या दिवशी चष्म्याचं दुकान बंद ठेवीन.

वेळेवर जेवत जा.

तुझे बाबा

९ ऑक्टोबर

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

माझं डोकं ठिकाणावर नाही. रक्त चढवलेल्या कित्येकांना पुढे कावीळ होते. ती कुणाच्या रक्तातून येते हे ओळखायची आमची चाचणी दिसायला साधी आहे. काचेवर जेलीचा थर, त्यात दोन खळगे. एकात पुष्कळदा रक्त चढवलेल्या रुग्णाचं रक्तजल, म्हणजे रक्तातला पातळ भाग, त्यात हा रोग ओळखणारी द्रव्यं तयार झालेली असतात; दुसऱ्यात तपासायचं रक्त. दोन्ही पाझरून भेटतात तिथे पांढरी रेघ आली, तर तपासलेल्या रक्तात रोग. स्वच्छ रक्ताला रेघ येताच कामा नये.

आणि बाबा, तुमच्या रक्ताला येते! म्हणजे चाचणीच खोटी. काचा पुन्हा धुतल्या, जेली बदलली, बिचाऱ्या मदतनिसावर खेकसले. मेली रेघ हटत नाही. प्रयोगशाळेचे साहेब म्हणतात, गाशा गुंडाळा. सगळी मेहनत पाण्यात जाणार. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

ताईला धीर द्या. लोभ आहेच, या रडक्या मुलीवरही असू द्या.

भिंगरी

११ ऑक्टोबर

बाबा,

मायना राहू द्या. काल माझं स्वतःचं रक्त लावून पाहिलं. रेघ नाही. साहेबांच्या नाही, मदतनिसाच्याही नाही. चाचणी बरोबर आहे. तुमचं रक्त स्वच्छ हे मी कधी तपासलंच नव्हतं, बाप म्हणून नुसतं धरून चालले. अशी माणसं असतात बाबा, स्वतः ठणठणीत आणि रक्तात रोग.

चाचणी खरी ठरावी म्हणून इतके दिवस जिवाचं रान केलं, आता खोटी ठरावी म्हणून देवाला हात जोडतेय. पण ताईला रक्त देऊ नका. माझं तिच्याशी जुळत नाही, नाहीतर धावत आले असते. मी चुकत असेन तर कान उपटा, पण देऊ नका. तुमच्या पाया पडते.

भिंगरी

२५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी तळपायाची आग मस्तकात गेली. पोर शिकली आणि बापाला नासका ठरवून मोकळी झाली! मग कोपऱ्यावरच्या शिंप्याची बायको आठवली. तिला माझंच रक्त दिलं होतं. काही महिन्यांनी पिवळी पडली आणि गेली. आम्ही सगळ्यांनी नळाच्या पाण्याला शिव्या घातल्या. शिंपी अजून मला बघून उठतो, खुर्ची पुढे करतो. तुझं पत्र आल्यापासून मी पलीकडच्या गल्लीतून जातो.

डॉक्टरांना म्हणालो, चक्कर येते, माझं घेऊ नका. जावईबापूंच्या कचेरीतल्या एकानं दिलं. ऑपरेशन चांगलं झालं. ताईला मात्र यातलं काही ठाऊक नाही. शुद्धीवर येताच म्हणाली, आता तुमच्यासारखी दणकट होणार मी. मी मान हलवली.

त्या माणसाच्या रक्ताची बाटली सोबत आहे. तपासून लगेच तार कर. तोवर मी रोज ताईला खिडकीशी बसवून डोळ्यांचा रंग बघतो. ती वैतागून विचारते, असं टक लावून काय बघता? मी सांगतो, तुझा नंबर वाढलाय का ते बघतोय.

तुझे बाबा