सिंह राशीतला डाग आणि बावीस वह्या

मी, गुणवंतराव वल्द दसरू भांडेकर, वय एकसष्ट, जंगल खात्यातील निवृत्त फॉरेस्टर, राहणार धानोरा, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दाब नाही, नशा केलेली नाही. डोळेही शाबूत आहेत. हे मला फार उशिरा कळले; कसे ते पुढे येईल.

१. राहते घर, विहीर व भांडीकुंडी माझी मुलगी इंदू, वरोऱ्यास दिलेली, हिला. जावयाने माझ्या दुर्बिणीला रिकामटेकड्याची नळी म्हटले होते, ते मी विसरलो नाही. पण तो बरोबर होता, म्हणून घरात त्यालाही राहू द्यावे.

२. तीन इंची पितळी दुर्बीण गावच्या शाळेस. पोरांना चंद्र दाखवावा, शनीची कडी दाखवावी. अंधुक काही शोधायला कोणी लावू नये.

३. वह्यांबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. १९३४ च्या चैत्रात मला सिंह राशीत, उत्तरा फाल्गुनीच्या खाली, एक फिकट डाग दिसला. सरळ पाहिले की नाहीसा व्हायचा, नजर जरा बाजूला नेली की दिसायचा. फार फिकट वस्तू अशीच पाहावी लागते. नकाशात तो नव्हता. मी ठरवले, ही विरळ दीर्घिका आहे. आपल्या आकाशगंगेसारखीच, पण तारे इतके तुरळक की उजेड जेमतेम. तिचे तारे म्हातारे असतील काय, ती जन्मतःच अशी दरिद्री की कोणा मोठ्या दीर्घिकेने तिला ओरबाडले, यावर मी बारा वर्षांत बारा वह्या भरल्या. दक्षिणेतल्या एका वेधशाळेला कळवले. उत्तर आले, त्या जागी एकमेकांलगत दोन मंद तारे आहेत, अन्य काही नाही. त्या सद्गृहस्थांना मी आजवर आंधळे म्हणत आलो. ते शब्द परत घेतो.

४. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून आमच्याकडे चैत्रात झाडाखालचा पाचोळा जाळतात. तो धूर माझ्या दीर्घिकेच्या आड येतो, असे मला वाटे. १९४६ साली मी मंगरू वल्द झाडू मडावी याला जाळताना पकडले, टोपल्या जप्त केल्या, ऐन हंगामात आठ दिवस चावडीत बसवले. कायदा माझ्या बाजूने होता, कारण मात्र कायद्याचे नव्हते. त्याच्या घरी पावसाळ्यात खायला वाळला मोह नव्हता. श्रावणात त्याची धाकटी मुलगी गेली. पुन्हा कोणी पाचोळा जाळला नाही.

आकाश स्वच्छ झाले आणि डाग दिसेना. मला वाटले, डोळे गेले. मी बायकोला, गुणाबाईला, दुर्बिणीशी बसवले. ती म्हणे, "हो, दिसते. तांदळाचं पीठ सांडल्यावानी." दहा वर्षे ती सांगे आणि मी लिही. आणखी दहा वह्या झाल्या. गेल्या वर्षी पौषात, जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मले कधीच काई दिसलं नाई. तुमी एवढ्या आशेनं इचारत होते, मंग नाई कशी म्हणू?"

त्यानंतरच्या चैत्रात मी मंगरूला म्हणालो, जाळ. तो म्हणाला, "साहेब, मले परत चावडीत बसवता का?" मी हात जोडले, तेव्हा त्याने पाचोळा पेटवला. धूर चढला आणि मला डाग पूर्वीसारखा दिसला. वारा फिरला, धूर गेला, दोन तारे उरले. त्यांचा उजेड धुरात पसरत होता, एवढीच माझी दीर्घिका. त्यानंतर मी वर पाहिलेले नाही. जगण्यात मन नाही, हे लपवत नाही.

५. नाल्याकाठचे शेत, बांधावरच्या तीन मोहांसह, मंगरूस. माझ्या बारा वह्या त्याने पाचोळ्यात घालाव्या. गुणाबाईच्या दहा माझ्या सरणावर, छातीशी ठेवाव्या. त्यांत एक अक्षर खरे नाही, पण त्या मी कोणाला वाचू देणार नाही.

६. सोमाजी मास्तरांनी हे माझ्या सांगण्यावरून लिहून घेतले व वाचून दाखवले, तेव्हा मंगरू ओट्याखाली बसला होता. ज्याला मिळायचे त्याने साक्ष घालू नये, म्हणून त्याचा अंगठा घेतला नाही. ऐकून झाल्यावर तो एवढेच म्हणाला, "एवढ्याच्यासाठी, साहेब?"

उत्तर लिहिण्यासाठी मास्तरांनी खाली एक ओळ सोडली आहे. ती मोकळीच ठेवून मी सही करतो.

……………………………………

सही : गुणवंतराव दसरू भांडेकर

आमच्या समक्ष सही केली :
१. सोमाजी वल्द पोचू मशाखेत्री, शाळामास्तर
२. लटारू वल्द झिंगू कोवे, गावपाटील (निशाणी अंगठा)

मुक्काम धानोरा, शुक्रवार, १२ एप्रिल १९५७