सिमियोनच्या नावाचा पाव

सेतूबाल (पोर्तुगाल), जून

थोरल्या एफ्रोसिनाताईस धाकट्या तुदोराचा वाकून नमस्कार.

ख्रिस्त उठला! (असं म्हणायचे पास्काच्या सणानंतरचे चाळीस दिवस केव्हाच सरले, ठाऊक आहे. पण तुझ्या तोंडून 'खरंच उठला' ऐकायचं यंदा राहून गेलं, तेव्हा वाचता वाचता म्हणून टाक. मी इथे ऐकलं असं समजेन.) तुझे गुडघे कसे आहेत? बकरी व्याली का? कानाचं यंत्र तू डब्यातच ठेवतेस हे मला कळलंय, म्हणून फोन न करता लिहिते आहे. मागच्या वेळी मी इथून ओरडले, तू तिथून ओरडलीस, आणि तुझ्याऐवजी सगळ्या आळीला माझी खुशाली कळली.

आधी आनंदाचं सांगते, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील. पोर्तुगीजच्या परीक्षेत मी पास झाले. काठावर, पण पास. काल निकाल कळला आणि मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कांद्याच्या पोत्यावर बसून राहिले. इथलं नागरिकत्व मागायचं तर भाषा येते हे दाखवून द्यावं लागतं. आणि नागरिकत्व मला कशाला हवं, ते तुला माहीत आहे. राहायच्या परवान्याचं कार्ड नवं करायला दिलंय, ते कचेरीच्या कुठल्या कपाटात झोपलंय देव जाणे. ते हातात नसताना देश सोडला तर परत आत घेतील, अशी खात्री कोणी देत नाही. इथे लेक आहे, नातवंडं आहेत, माझे सिमियोन इथल्या मातीत आहेत. तिथे तू आहेस. तुझ्याकडे यावं आणि परत इथे यावं, एवढ्याच साध्या गोष्टीसाठी मला पोर्तुगीज व्हायचं आहे.

तू म्हणशील, इतकी वर्षं राहून भाषा कशी येत नाही? ताई, सिमियोन होते तोवर बोलायची वेळच आली नाही. बँकेत, दवाखान्यात, घरमालकाकडे तेच बोलायचे आणि मी शेजारी उभी राहून मान हलवायची. माझ्या पोटदुखीबद्दलसुद्धा तेच सांगायचे, आणि माझ्यापेक्षा चांगलं. ते गेले तेव्हा कळलं, माझ्याजवळ नुसती मान उरली आहे. मग मी वाचायला शिकले. इथे कोणी वारलं की काळ्या चौकटीचं पत्रक कॅफेच्या दारावर आणि विजेच्या खांबांवर लावतात. सिमियोनचं पत्रक काय म्हणतं ते कळावं म्हणून अक्षरं जुळवायला बसले, आणि मग थांबलेच नाही. कामावर जाताना सगळे खांब वाचत जायची. घरी आल्यावर पत्रपेटीत फुकट पडलेली दुकानांच्या सवलतींची कागदं. त्यामुळे माझी पोर्तुगीज निम्मी स्मशानातली आणि निम्मी 'दोनवर एक मोफत'वाली झाली. आमच्या वृद्धाश्रमातल्या दोना फेलिस्मिना आजी माझी तयारी करून घ्यायच्या. म्हणायच्या, "अगं तुदोरा, तू नुसतं 'सूप तयार आहे' म्हणालीस तरी मला वाटतं, आपणच गेलो की काय!" (पण स्वतःचं पत्रक मीच लिहावं म्हणून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं आहे. शब्द झकास असतात म्हणे माझे.)

परीक्षा नेमकी आली आपल्या मृतांच्या पास्काच्या सोमवारी. तू तिथे आई-बाबांच्या थडग्यावर चादर अंथरून जेवण मांडत असशील, त्याच वेळी मी शाळेतल्या पोरांच्या बाकात गुडघे कोंबून बसले होते. पहाटे दफनभूमीत जाऊन आले होते, त्यामुळे पिशवीत वाटायचा गोड वेणीचा पाव, त्यात खोचलेली मेणबत्ती, वाडगा आणि टॉवेल, सगळं तसंच होतं. सिमियोनच्या नावाचा पाव एका तरी माणसाच्या हातात द्यायचा होता, आणि सकाळी तिथे मांजराशिवाय कोणी नव्हतं.

लेखी पेपरात सांगितलं, मैत्रिणीला वाढदिवसाचं आमंत्रण लिहा. मी खूश झाले, कारण दिवस, वेळ आणि ठिकाण कळवणारा मजकूर मला तोंडपाठ. झरझर लिहिलं: 'अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की येत्या शनिवारी तुदोरा यांचा वाढदिवस आहे. मंडळी चार वाजता राहत्या घरून निघतील. या कठीण प्रसंगी साथ देणाऱ्या सर्वांचे कुटुंबीय मनापासून आभारी आहेत.' शेवट फारच उदास वाटला, म्हणून खाली जोडलं, 'साठा संपेपर्यंतच.' बाहेर आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तुझ्याकडे येण्याची वाट मीच खांबाला चिकटवून आले होते.

राहिली तोंडी. समोर चष्मेवाल्या परीक्षक बाई, टेबलावर आवाज टिपणारं यंत्र. "मागच्या सुट्टीत तुम्ही काय केलंत?" मी सुट्टी कधी घेतली आहे, ताई? खोटं बोलायला शब्द नव्हते, खरं बोलायला सुट्टी नव्हती. मी मान हलवली. त्यांनी घर विचारलं, मान. आवडतं जेवण विचारलं, मान. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "बाई, यंत्राला मान ऐकू येत नाही हो." संपलं, असं मला वाटलं. निदान पाव तरी पोचवावा म्हणून टॉवेल सोडला आणि तो त्यांच्यापुढे धरला.

त्या खुर्चीसकट मागे सरकल्या. "हे काय? परीक्षेत लाच?"

लाच! सिमियोनच्या नावाचा पाव म्हणजे लाच! ताई, मग माझी जीभ जी सुटली! म्हटलं, "लाच द्यायची असती तर पाव आणला असता का, अख्खं डुक्कर आणलं असतं! हा माझ्या नवऱ्याचा आहे. ते वर गेलेत, त्यांना जेवू घालायला आमच्यात एकच रस्ता असतो, इथे खाली कोणीतरी त्यांच्या नावाचा पाव हातात घ्यायचा. मला खुशाल नापास करा, पण मेलेल्या माणसाचा घास परतवू नका." मग ते कसे गेले, बंदराच्या कामावर उन्हात कसे खाली बसले आणि उठलेच नाहीत, ते सांगितलं. सगळीकडे तेच बोलायचे हेही सांगितलं. आणि आज बोलायला ते नाहीत म्हणून मी बोलते आहे, हेही.

बाईंनी खुर्ची पुन्हा टेबलाजवळ ओढली. मग विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"सिमियोन."

"घेताना काय म्हणायचं असतं?"

"'देव त्यांना क्षमा करो', एवढंच."

"यंत्र चालू आहे, त्यामुळे आत्ता मला घेता येणार नाही. बाहेर बाकावर ठेवा. मधल्या सुट्टीत मी नुसती माणूस असते." आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "यंत्रानं सगळं ऐकलं आहे बरं का. मघाचं 'डुक्कर'सुद्धा."

मी त्या बाकाशीच थांबले. त्या आल्या, दोन्ही हातांनी पाव घेतला आणि जे म्हणायचं ते नीट म्हणाल्या. सिमियोनबद्दल बोलायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली, आणि त्यांच्यापेक्षा वाईट नाही बोलले. त्यांच्याशिवायची सकाळ अजून तशीच येते, ती काही पास होत नाही. पण काल रात्री मी पोटभर जेवले.

भाऊजींना नमस्कार, बकरीला पाला.

तुझी तुदोरा

ता. क. आता मुख्य काम. अर्जाला माझा जन्मदाखला लागतो, नवा काढलेला. गावच्या कचेरीत तो हरलाम्बिये देतो. होय, तोच, ज्याला तू लग्नाला नकार दिलास आणि जो अजून वेशीवर तुला पाहून टोपी डोळ्यांवर ओढतो. निळा रुमाल बांधून जा. कानाचं यंत्र लाव, नाहीतर तो 'हो' म्हणेल आणि तू भांडून येशील. गोड बोल. मी परक्या भाषेत बोलले, तुला आपल्याच भाषेत बोलायचं आहे.

ता. क. दुसरा. मृतांच्या पास्काला तू दरवर्षी शेजारणीचा फोन थडग्यावर धरून मला आई-बाबा दाखवतेस. दाखला वेळेत निघाला आणि इथल्या कपाटांना जाग आली, तर पुढच्या वेळी फोन आणू नकोस. माझ्या वाट्याचा वाडगा आई-बाबांच्या थडग्यावरून मीच उचलीन. पण दाखला हातात पडेपर्यंत, नकार का दिलास ते हरलाम्बियेला सांगू नकोस.