पहिल्या पानावरचं नाव

प्रिय बखीत,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि दिलंस तरी आपल्या घरातलं फोनवरचं बोलणं अर्धी गल्ली ऐकते. म्हणून हे कागदावर. शाळेतले नवे मास्तर उद्याच्या गाडीने कैरोला निघालेत, त्यांच्या हाती देते आहे. आधी जेवून घे आणि मग वाच. उपाशीपोटी तुला सगळ्यांचाच राग येतो.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे आणि तिच्यातून अर्पणाचं पान काढून टाकणार, असं तू परवा सांगितलंस. मी बरं म्हटलं खरं, पण तेव्हापासून मन लागत नाही. खल्लाफदादाचा राग जावा म्हणून तू हे करतो आहेस, ते कळतं मला. पाच महिने त्याने तुझं नाव काढलेलं नाही. त्याचंही चुकलं असं कसं म्हणू? आईचं नाव चारचौघांत निघणं म्हणजे आपल्याकडे बेअब्रूच. आई साऱ्या गावाला खल्लाफची आई. तिचं स्वतःचं नाव फक्त रेशनकार्डावर, आणि ते रेशनवाल्या मह्रानखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. तू ते पहिल्याच पानावर छापलंस, ‘फातिमासाठी. यातले शब्द तिचे आहेत.’ मग मह्रानला काय, आयतीच संधी; ही फातिमा कोण ते त्याने गावभर सांगितलं. कहवाखान्यात आपलेच चुलतभाऊ दादाला म्हणाले, “या, फातिमाचे चिरंजीव, चहा घेणार ना?” दादा चहा न घेता घरी आला आणि बखीत या घरात आला तर मी बाहेर पडेन, अशी शपथ घेऊन बसला.

मला स्वतःला तुझा अभिमानच वाटला होता. वर्गात आपल्या बोलीत एक ओळ लिहिलीस म्हणून गुरुजींनी तुझे हात सुजवले होते. नदीकाठच्या चिखलात बसून मी ते पाण्यात बुडवून धरले होते, आठवतं? आता त्याच बोलीतल्या तुझ्या कविता टीव्हीवर ऐकताना तेच गुरुजी मान डोलावतात. मला हसू येतं आणि थोडं रडूही.

पुस्तक मी आईपासून लपवून ठेवलं होतं. तिला वाचता येत नाही, तरी लपवलं. तिची बेअब्रू झाली, असं दादाने आणि मी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. गेल्या सोमवारी आंबवलेल्या पिठाच्या भाकऱ्या उन्हात फुगायला ठेवून आम्ही गच्चीवर बसलो होतो, तेव्हा तिनेच विषय काढला, “त्याचं पुस्तक आलंय म्हणे, वाच की मला.” मी वाचलं. कोंबड्यांची कविता ऐकून म्हणाली, “हे तर मी त्यांना रोज बोलते. यात याचं काय?” नदीपलीकडच्या मावशीची ऐकून म्हणाली, “हेही माझंच. आणि ह्याला लोक टाळ्या वाजवतात होय?” इतकी खूश मी तिला बाबा गेल्यापासून पाहिली नव्हती. त्या भरात मी पहिलं पानही वाचून टाकलं. ती भाकऱ्या उलटायला उठली आणि नंतर एक शब्द बोलली नाही.

दोन दिवस तशीच. जेवण नुसतं चिवडायची. दादा म्हणाला, “बघ, शरमेनं खंगली म्हातारी. कळव तुझ्या लाडक्याला.” मलाही तेच वाटलं आणि मी तुला तसंच लिहायला बसणार होते.

काल सकाळी तिने मला जवळ बोलावलं. हळूच विचारलं, “चांगल्या घरातली आहे का ती?” मी म्हटलं, कोण? “ती फातिमा. लग्न केलंच आहे तर घेऊन ये म्हणावं, मी काही खाणार नाही तिला. पण शब्द तिचे कसे? बोलायला मी शिकवलं त्याला.” बखीत, जन्मात तिला कुणी फातिमा म्हटलेलं नाही. बाबा हाक मारायचे ती आपल्या बोलीतली फातना, तीही दार लावून घेतल्यावर. मी म्हटलं, आई, अगं ती तूच. ती म्हणाली, “मग तसं लिहायचं ना.” दादा दारातच उभा होता. तो आत येऊन बसला आणि म्हणाला, “शहाणा. सगळं पुस्तक आपल्या बोलीत, आणि आईपाशी आला तेव्हा साहेब झाला.” शपथ त्याने मागे घेतलेली नाही. पण जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, फातना असं नाव मह्रानच्या कार्डावर नाही, तेव्हा कुणी काही म्हणायचं कारण नाही. म्हणून हे पत्र. पान काढू नकोस. फातना लिही, आणि छापखान्यात कुणी ते दुरुस्त करायला निघाला तर त्याचा हात धर.

तुझीच,
नजात