वहिनीची कंबर

१४ मार्च

प्रिय छोटी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. चाचणी उत्तम झाली हे बातम्यांत पाहिलंच असशील. अणुभट्टीत हेलियम फिरवणारे पंखे मुद्दाम बंद केले, नियंत्रक दांडेही आत सोडले नाहीत, आणि ती तापता तापता आपली आपणच मंदावली. उरलेली उष्णता भिंतीतून हळूहळू बाहेर गेली. कुणी बोटसुद्धा लावलं नाही. इतकी वर्षं मी हेच सांगत आलोय: इंधनाचे दाणे खसखशीएवढे, पण प्रत्येकावर असं चिवट कवच, की आम्ही सगळे उठून घरी गेलो तरी काही होणार नाही.

तुझ्या वहिनीची कंबर आता बरी आहे.

खरं तर ती दुखतच नव्हती.

तुमच्या गल्लीतल्या सभेत मी छातीठोकपणे म्हणालो होतो, "माझी सख्खी बहीण अणुभट्टीच्या कुंपणाला लागून राहते, लेकरांसकट. आणखी काय हवं?" लोकांना पटलं. आणि चाचणीच्या आदल्या दिवशी मीच तुला फोन केला, "वहिनीची कंबर धरलीय, मुलांना घेऊन ये." तू तेलाची बाटली घेऊन धावत आलीस. तू चोळत होतीस आणि ती बिचारी माझ्याकडे डोळे वटारून कण्हत होती.

गणितात चूक नव्हती, शपथ घेऊन सांगतो. तरी तुझ्या मुलांचे चेहरे समोर आले आणि माझा धीर सुटला. तुझ्या शेजारच्या शिवणवाल्या काकूंच्या नातवंडांचे चेहरे आले नाहीत. त्याची लाज जास्त वाटते.

काल तू फोनवर सांगितलंस. काकू म्हणाल्या, "भावाने तुला बरोबर हलवलं, आम्हाला मात्र घाबरू नका म्हणाला." तू त्यांना ठणकावलंस, "माझा दादा असलं करायचा नाही." तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. मी नुसतं "असू दे" म्हणालो.

पुढच्या महिन्यात तीच चाचणी पुन्हा आहे, पूर्ण ताकदीवर. मी रजा टाकलीय. त्या दिवशी वहिनी आणि मी तुझ्याकडे राहू, तू ठेवून घेतलंस तर. त्याआधी रविवारी एकटा येतो. आधी काकूंच्या दारात, मग तुझ्या. काकू मला बोलतील, बोलू देत. तू काय करशील ते मात्र कळत नाही.

तू ज्याच्यासाठी भांडलीस तो नव्हे, पण तुझाच,

दादा